मावशीची आरव्ही, सहाशे मैलांवरचा डीलर आणि यार्डातल्या छत्तीस गाड्या



"तुझं संशोधन नक्की कशावर आहे गं?" हा प्रश्न घरच्या प्रत्येक लग्नात मला एकदा तरी विचारला जातो. मी म्हणते, "वस्तू कधी बिघडतात याचं संख्याशास्त्र." समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि श्रीखंडाकडे वळतो. मागच्या वर्षी मात्र पहिल्यांदाच कुणीतरी मला त्या संशोधनाच्या जोरावर खरा सल्ला मागितला. तो मी चुकीचा दिला. आजची पोस्ट त्या चुकीबद्दल आहे, आणि ती सुधारताना उपयोगी पडलेल्या एका साध्या नियमाबद्दल.

माझी मावशी आणि काका गेली तीस-बत्तीस वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. काका ७१ वर्षांचे, दोघंही निवृत्त. त्यांना आरव्ही घ्यायची होती. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, फ्रिज, संडास-बाथरूम, पाण्याच्या टाक्या, सगळं एका गाडीत. काही आरव्हींना स्वतःचं इंजिन असतं, त्यांना मोटरहोम म्हणतात. काही नुसत्या ट्रेलर असतात आणि पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढाव्या लागतात. काकांकडे पिकअप आहे, म्हणून त्यांनी २६ फुटी ट्रेलर निवडला होता. मॉडेल ठरलं, रंग ठरला, पडद्यांवरून भांडणसुद्धा झालं. अडलं ते एकाच ठिकाणी.

घरापासून ४० मिनिटांवरचा डीलर ४४,००० डॉलर सांगत होता. दुसऱ्या राज्यातला, ६०० मैलांवरचा एक मोठा डीलर तीच गाडी, तेच मॉडेल, ३८,५०० ला देत होता. फरक ५,५०० डॉलरचा. काकांचा मेसेज आला: "तू वॉरंटीवर पीएचडी करतेस ना? सांग, कुठून घेऊ?"

मी एक स्प्रेडशीट उघडली आणि अर्ध्या तासात उत्तर पाठवलं: लांबून घ्या.

किमतीत एवढा फरक का?

आधी हे समजून घेऊ, कारण "स्वस्त आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार" ही पहिली शंका सगळ्यांनाच येते.

अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या भागात बनतात. तिथून त्या देशभरातल्या डीलरांकडे जातात. डीलर हा माल सहसा कर्ज काढून भरतो आणि गाडी यार्डात उभी असेपर्यंत त्यावर व्याज चढत राहतं. त्यामुळे मोठा डीलर, ज्याच्याकडे शेकडो गाड्या उभ्या आहेत, तो थोडक्या नफ्यावर पटापट विकायला तयार असतो. गावातल्या लहान डीलरला ते परवडत नाही. शिवाय कारखान्यापासूनचं वाहतूकभाडं प्रत्येकाला वेगळं पडतं. म्हणजे लांबच्या डीलरची किंमत कमी असण्यात फसवणूक असेलच असं नाही. गाडी तीच, कारखाना तोच.

दोन गोष्टी मात्र तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे शेवटचा आकडा. जाहिरातीतल्या किमतीवर वाहतूक, तयारी, कागदपत्रं अशा नावांनी आणखी पैसे लागतात. म्हणून दोन्हीकडून "सगळं धरून हातात गाडी कितीला" हाच आकडा लेखी घ्यायचा. इथे आपला मेंदू आपल्याला फसवतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर ५ डॉलर वाचणार असतील तर २० मिनिटं गाडी चालवून दुसऱ्या दुकानात जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. तेच ५ डॉलर १२५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर वाचणार असतील तर? फक्त २९ टक्के तयार झाले. पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच! रक्कम मोठी झाली की तिच्या शेजारचे आकडे आपल्याला किरकोळ वाटायला लागतात. ४४,००० च्या सौद्यात ९०० डॉलरची "तयारी फी" म्हणूनच खपून जाते. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी माझी मावशीसुद्धा त्या फीवर काही बोलली नव्हती.

दुसरी गोष्ट कर. "तिकडे टॅक्स कमी आहे" हे कारण बहुतेक वेळा फसवं असतं. साधारणपणे तुम्ही गाडी ज्या राज्यात रजिस्टर करता, त्या राज्याच्या दराने कर भरावा लागतो. विकत घेताना दुसरीकडे भरला असेल तर बहुधा त्याची वजावट मिळते. त्यामुळे लांबून घेतलं म्हणून कर वाचेल, असं धरून चालू नये.

काकांनी दिलेले आकडे हे सगळं धरूनच होते. म्हणजे फरक खरोखर ५,५०० चा.

बाथटब आणि पहिलं वर्ष

आता माझ्या विषयाकडे येते.

एखाद्या वस्तूची बिघडण्याची शक्यता वयानुसार कशी बदलते याचा आलेख काढला, तर बऱ्याच यंत्रांच्या बाबतीत तो न्हाणीघरातल्या टबच्या उभ्या छेदासारखा दिसतो. सुरुवातीला उंच, मग उतरत जाऊन सपाट, आणि शेवटी म्हातारपणी पुन्हा वर. याला "बाथटब कर्व्ह" म्हणतात. सुरुवातीचा उंच भाग असतो बनवतानाच्या चुकांचा: नीट न आवळलेला स्क्रू, अर्धवट चिकटवलेली पट्टी, सैल वायर. त्या चुका पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडतात, दुरुस्त होतात आणि मग गाडी शांत होते. नव्या स्कूटरचं पहिलं सर्व्हिसिंग लवकर करून घ्यायला सांगतात, त्यामागेही थोडाफार हाच विचार आहे.

संख्याशास्त्रात हा उतार मोजायला आम्ही बऱ्याचदा वायबुल वितरण वापरतो. वालोदी वायबुल या स्वीडिश अभियंत्याच्या १९५१ च्या लेखामुळे ते सगळीकडे पोचलं. त्यात एक "आकार" सांगणारी संख्या असते. ती १ पेक्षा कमी आली की समजायचं, वस्तू नवी असतानाच जास्त बिघडते आहे. १ पेक्षा जास्त आली, तर वय वाढेल तसं बिघडणं वाढतं आहे.

आरव्हीत हा सुरुवातीचा भाग चांगलाच उंच असतो, आणि कारण सरळ आहे. गाडीचा बराचसा भाग माणसं हातांनी जोडतात. फ्रिज एका कंपनीचा, गिझर दुसरीचा, सांगाडा तिसरीचा, पाण्याचा पंप चौथीचा. हे सगळं एका खोक्यात बसवायचं आणि मग ते खोकं ताशी ६० मैल वेगाने खड्ड्यांतून न्यायचं. विचार करा, तुमचं स्वयंपाकघर रोज एका छोट्या भूकंपातून जातंय! नळाचे जोड सैल होतात, कपाटांच्या बिजागऱ्या सुटतात, छताच्या शिवणीतून पाणी झिरपतं. बटण दाबल्यावर भिंतीचा एक भाग बाहेर सरकून खोली मोठी होते, त्याला स्लाइड-आउट म्हणतात. त्याचं रबर दुमडलं की तिथूनही पाऊस आत. नवी आरव्ही पहिल्या वर्षी एकदाही दुरुस्तीला गेली नाही, असं काकांच्या ओळखीत कुणीच सांगत नव्हतं.

म्हणून मी स्प्रेडशीटमध्ये गृहीत धरलं: पहिल्या वर्षी दोन वेळा दुरुस्ती. भाग आणि मजुरी वॉरंटीत, म्हणजे खर्च शून्य. उरला फक्त प्रवास.

माझा हिशोब

लांबच्या डीलरकडून गाडी आणायची तर जाऊन-येऊन १,२०० मैल. रिकामा पिकअप गॅलनला १८ मैल देतो, मागे ट्रेलर लागला की १० वर येतो. पेट्रोल साडेतीन डॉलर गॅलन आणि दोन रात्री हॉटेल धरलं, तर सुमारे ६०० डॉलर.

दुरुस्तीसाठी परत तिथेच न्यायची म्हटलं तर दोन फेऱ्या: एक सोडायला, एक आणायला. २,४०० मैल, चार रात्री. सुमारे १,२०० डॉलर. दोन दुरुस्त्या म्हणजे २,४००.

एकूण ३,०००. बचत ५,५००. तरीही २,५०० डॉलर हातात राहतात.

आणि हे झालं सगळ्यात वाईट परिस्थितीत! वॉरंटी कारखान्याची असते, त्यामुळे त्या ब्रँडचा कुठलाही अधिकृत डीलर ते काम करू शकतो. म्हणजे गाडी लांबून घ्या आणि दुरुस्ती घराजवळ करा. मग बचत थेट ४,९०० डॉलर. मी मोठ्या ऐटीत ती शीट पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला.

"अगं, बघितलं मी ते सगळं. छान केलंयस. पण एक सांग, तुझ्या त्या कोष्टकात उन्हाळा कुठल्या रकान्यात आहे?"

मला कळेचना.

"ओहायोत एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गाडी बाहेर काढता येते. नंतर थंडी, पाइपातलं पाणी गोठतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना सांगितलंय, अजून तीन-चार वर्षं गाडी चालवायला हरकत नाही, पुढचं पुढे बघू. म्हणजे आमच्याकडे तीन-चार उन्हाळे आहेत. त्यातला एक गाडी दुरुस्तीला उभी राहण्यात गेला तर तो कुठे मांडलायस तू?"

कुठेच नव्हता मांडलेला. मी दुरुस्तीचा खर्च मोजला होता, दुरुस्तीचा वेळ शून्य धरला होता. यावर बोलायला मला तोंड नव्हतं, कारण आमच्या विषयातली ही अगदी पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. वस्तू किती वेळा बिघडते ही विश्वासार्हता. ती हवी तेव्हा वापरायला मिळते का, ही उपलब्धता. उपलब्धता दोन गोष्टींवर ठरते: दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि एका दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ. पहिली गोष्ट कारखान्याच्या हातात असते आणि ती दोन्ही डीलरांकडे सारखीच. दुसरी डीलरच्या हातात. फरक पडणार होता तो नेमका तिथेच, आणि तीच मी सोडून दिली होती.

दुरुस्ती दोन तासांची, मुक्काम दोन महिन्यांचा

पंपाचा जोड आवळायला कारागिराला दोन तास लागतात. मग गाडी आठवडेच्या आठवडे यार्डात का पडून राहते? उत्तर रांगेच्या गणितात आहे.

समजा एकच कारागीर आहे, कामं कधीही येतात आणि प्रत्येक काम कमी-जास्त वेळ घेतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. ९० टक्के असेल तर नऊपट. ९५ टक्के असेल तर एकोणीसपट! कारागिरावरचा भार जरासाच वाढतो, पण रांग भडकते. सरकारी कार्यालयातल्या एकाच खिडकीसमोर उभं राहिलेल्या माणसाला हे गणित न शिकताही माहीत असतं.

अमेरिकेत करोनाच्या काळात लोकांनी विमानं-हॉटेलं सोडून आरव्हीकडे धाव घेतली. २०२१ साली कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या, आजवरचा विक्रम. २०२३ पर्यंत हा आकडा तीन लाख तेरा हजारांच्या आसपास उतरला. पण विकलेल्या गाड्या रस्त्यावर राहतातच, आणि आरव्हीचं काम येणारा कारागीर काही महिन्यांत तयार होत नाही. त्यात वसंत ऋतू आला की सगळेच एकदम गाड्या बाहेर काढतात आणि सगळ्यांना एकदमच दुरुस्ती हवी असते.

आता यात आणखी एक पेच. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कारखान्याकडून मिळतात, आणि ते किती तासांचे द्यायचे हे कारखाना ठरवतो. स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मानाने त्यात डीलरला बऱ्याचदा कमी सुटतं. मग दुसऱ्या डीलरने विकलेल्या गाडीचं वॉरंटीचं काम त्याने का धावत करावं? पुष्कळ डीलर "आमच्याकडून घेतलेल्यांना आधी" असा सरळ नियम ठेवतात. काही जण बाहेरची गाडी घेतच नाहीत.

अशा दोन दर्जांच्या रांगेचं गणित ॲलन कोबहॅम यांनी १९५४ साली मांडलं. त्याचं एक उत्तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. साधं एका कारागिराचं दुकान ९० टक्के व्यस्त असेल, तर मागच्या दर्जातल्या गिऱ्हाइकाला पुढच्या दर्जातल्यापेक्षा दहापट थांबावं लागतं. दोघांची कामं अगदी सारखी असली तरीही.

म्हणजे काकांपुढचा खरा प्रश्न मैलांचा नव्हताच. घराजवळच्या त्या दुकानात आपण कुठल्या रांगेत उभे राहणार, हा होता.

यार्डातल्या गाड्या मोजा

पण ही रांग किती लांब आहे, हे कळणार कसं? काउंटरवर विचारलं तर "दोन-तीन आठवडे" हेच ठरलेलं उत्तर मिळतं.

इथे जॉन लिटल कामाला आले. त्यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम रांगांच्या शास्त्रातला बहुधा सगळ्यात सुंदर नियम आहे:

आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा वेग × प्रत्येकाने आत घालवलेला सरासरी वेळ.

बस, एवढंच. कारागीर किती, काम कसलं, कुणाला आधी घेतात, यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. गोष्ट साधारण स्थिर चालू असली, म्हणजे जेवढे येतात तेवढेच बाहेर पडत असले, की झालं. खाणावळीत दर तासाला ३० माणसं येतात आणि कधीही बघितलं तरी १५ माणसं जेवत असतात, तर एकजण सरासरी अर्धा तास बसतो. घड्याळ लावून कुणावर पाळत ठेवायला नको.

मी मावशीला म्हटलं, "तू एकदा त्यांच्या सर्व्हिसच्या यार्डात जाऊन ये. दुरुस्तीला थांबलेल्या गाड्या मोज. आणि आठवड्याला किती गाड्या दुरुस्त होऊन बाहेर जातात ते विचार."

मावशीने यापेक्षा हुशारी केली. तिथे डीलर विकलेल्या ट्रेलरच्या मागे आपल्या नावाचा स्टिकर लावतात. तिने स्टिकर वाचत गाड्या मोजल्या. दुरुस्तीला थांबलेल्या ३६ गाड्या होत्या. त्यातल्या ६ वर त्याच डीलरचा स्टिकर, ३० वर दुसऱ्यांचे. मग यार्डात सिगरेट ओढत उभ्या असलेल्या एका कारागिराला तिने विचारलं. तो म्हणाला, आठवड्याला सहाएक गाड्या निघतात, अर्ध्या आमच्या, अर्ध्या बाहेरच्या.

आता भागाकार करा. सगळ्यांची सरासरी: ३६ भागिले ६, म्हणजे सहा आठवडे. पण लिटलचा नियम प्रत्येक गटाला वेगळाही लावता येतो. त्यांच्या स्वतःच्या गाड्या: ६ भागिले ३, दोन आठवडे. बाहेरच्या गाड्या: ३० भागिले ३, दहा आठवडे.

काउंटरवरचा माणूस "दोन आठवडे" म्हणत होता ते खोटं नव्हतं. ते फक्त सगळ्यांसाठी खरं नव्हतं.

एक काळजी मात्र घ्या. ही एका दिवसाची मोजणी आहे, आणि वसंतात रांग स्थिर नसते, वाढत असते. जमलं तर दोन-तीनदा मोजा. आणि काही डीलर गाडी आधी घरीच ठेवायला सांगून नंतरची तारीख देतात. तो वेळ यार्डात दिसत नाही, तो वेगळा विचारावा लागतो.

पुन्हा हिशोब, या वेळी उन्हाळ्यासकट

हंगाम २६ आठवड्यांचा. दोन्ही दुरुस्त्या हंगामातच आल्या असं धरू.

जवळून घेतली तर दोन वेळा दोन आठवडे, म्हणजे चार आठवडे गाडी नाही. बावीस आठवडे हातात.

लांबून घेऊन जवळ दुरुस्त केली तर दोन वेळा दहा आठवडे. सहाच आठवडे हातात. ४,९०० डॉलर वाचतात आणि १६ आठवडे जातात. म्हणजे आठवड्याला साधारण ३०६ डॉलर.

लांबून घेऊन लांबच दुरुस्त केली तर २,५०० डॉलर वाचतात, पण काकांना वर्षभरात दुरुस्तीपायीच ४,८०० मैल गाडी चालवावी लागते. त्यातले निम्मे मागे ट्रेलर घेऊन. डोळ्यांचं सांगितलंच वर.

मग मी काकांना सल्ला दिला नाही, प्रश्न विचारला. "काका, तुमच्या उन्हाळ्यातला एक आठवडा तुम्ही ३०६ डॉलरला विकाल का?"

काका थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "पस्तिशीत असतो तर विकला असता."

यात बरोबर-चूक काही नाही, हे मुद्दाम सांगते. कुणाला ते पैसे जास्त गरजेचे असतील, तर ३०६ डॉलरला आठवडा विकणं शहाणपणाचंच आहे. गणिताचं काम निवड करणं नसतं. आपण काय देऊन काय घेतोय, एवढं ते नीट मांडून ठेवतं. मी आधी ते अर्धवट मांडलं होतं.

काकांनी पुढे एक चांगली गोष्ट केली. लांबच्या डीलरचा लेखी आकडा घेऊन ते जवळच्याकडे गेले. तो ४२,००० वर आला, आणि ती ९०० डॉलरची तयारी फीसुद्धा त्या घासाघिशीतच गेली. आता आठवड्याचा भाव उतरून १८१ डॉलर झाला. तशी गाडी आठवडाभर भाड्याने घ्यायची तर याहून बरेच जास्त पडतात. त्यांनी जवळून घेतली.

मग काय झालं?

परीकथा झाली नाही. गाडी घेतल्या घेतल्या त्यांनी ती दोन रात्री घराच्या दारातच उभी करून आत मुक्काम केला. सगळे नळ, सगळी बटणं, गॅस, फ्रिज, स्लाइड-आउट वापरून बघितलं. यादीत अकरा गोष्टी निघाल्या. पहिली दुरुस्ती सोळा दिवसांत झाली. दुसरीला तीन आठवडे लागले. फ्रिजचा एक भाग तर यायलाच पाच आठवडे लागले. तो फ्रिज बनवणाऱ्या कंपनीकडून यायचा होता, त्यात जवळचा डीलर काय आणि लांबचा काय!

पण इथे जवळ असण्याचा एक फायदा कळला, जो माझ्या कुठल्याच कोष्टकात नव्हता. भाग येईपर्यंत काका गाडी घरी घेऊन आले. बर्फाचा डबा ठेवून दोघं लेक एरीच्या काठी चार दिवस राहून आले. भाग आल्यावर चाळीस मिनिटं जाऊन बसवून घेतला. सहाशे मैलांवर असते तर ते पाच आठवडे गाडीने तिथल्या यार्डात काढले असते.

मग लांबून कधीच घेऊ नये का?

असं अजिबात नाही. पुढच्या परिस्थितीत मी स्वतः लांबूनच घ्यायला सांगेन:

- जवळच्या डीलरकडे तुम्हाला हवा तो ब्रँडच नसेल. मग तो वॉरंटीचं काम करू शकत नाही आणि "जवळ" असण्याला अर्थ उरत नाही.
- गाडी जुनी, वॉरंटी संपलेली असेल. एकतर ती टबच्या सपाट भागात आलेली असते. शिवाय पैसे तुम्हीच देणार, त्यामुळे घरी येऊन काम करणारा फिरता कारागीरही चालतो. लांबून घेताना मात्र आधी स्वतंत्र तपासनीसाकडून गाडी तपासून घ्या, विशेषतः छत आणि भिंतींतली ओल.
- तुम्ही वर्षभर गाडीतच राहून फिरणार असाल. मग जवळ म्हणजे कुणाच्या जवळ?
- छोटी कामं तुम्हाला स्वतःला येत असतील.
- जवळच्या यार्डात त्याच्या स्वतःच्या स्टिकरच्या गाड्याही आठवडेच्या आठवडे सडत असतील. मग त्याला जास्तीचे पैसे कशाचे द्यायचे?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. "जवळचा डीलर सांभाळून घेतो" हे लोक देवावरच्या विश्वासासारखं बोलतात. तो सांभाळून घेतो की नाही, हे मागच्या यार्डात दिसतं, मोजता येतं. पुढच्या शोरूममध्ये कॉफी पिऊन ते कळत नाही.

आणि हो, एक कबुली. आता मी माझ्या थिसिसमध्ये एक छोटा भाग वाढवला आहे. वॉरंटीच्या नोंदींमध्ये वस्तू बिघडल्याची तारीख असते, दुरुस्तीचा खर्च असतो. ती गिऱ्हाइकाला परत कधी मिळाली, ही तारीख मात्र मला मिळालेल्या नोंदींत बऱ्याच ठिकाणी रिकामी आहे. चार वर्षं मी तो रिकामा रकाना रोज बघत होते आणि पुढे जात होते. आता त्याच्यावरच काम सुरू आहे. गाइडनी विचारलं, "हा प्रश्न कुठून सुचला?"

मी म्हटलं, "मावशीने विचारला, सर."